आग विझवणाऱ्याने पळायचं कधी?

डिसेंबर लागला की आता तालुक्याच्या गावातसुद्धा मॅरेथॉनचे फ्लेक्स लागतात. डॉक्टर पळतात, प्राध्यापक पळतात, बँकवाले पळतात आणि नऊच्या आत फोटोही पडतात. टिंगल करत नाहीये, चांगलंच आहे. भरतीची पोरं तर फ्लेक्स नव्हते तेव्हापासून पहाटे डांबरी रस्त्यावर पळतायत.

पण या सगळ्या गर्दीत एक माणूस सहसा दिसत नाही, आणि खरं तर पळणं त्याच्या नोकरीतच आहे. तो म्हणजे नगरपरिषदेच्या बंबावरचा जवान. भरतीच्या वेळी त्याला मैदानात पळवून निवडतात. मुंबई अग्निशमन दलाची २०२३ सालची भरती आठवत असेल. ९१० जागा, दहिसरचं मैदान, राज्यभरातून आलेली पोरं-पोरी, आणि ८०० मीटरची धाव. पण एकदा निवड झाली की पुढची तीस वर्षं त्याने पळायचं कधी, हे कुणी विचारत नाही. सराव करायचा तर झोप हवी, झोपेला सुट्टी हवी आणि सुट्टीला बदली माणूस हवा. म्हणजे वरवर फिटनेसचा वाटणारा हा प्रश्न खरा कामाच्या तासांचा आहे. आणि कामाच्या तासांना इतिहास असतो.

पोस्ट लांब आहे. चहा घेऊन बसा.

आधी दोनशे वर्षं मागे आणि थेट स्कॉटलंडला जाऊ. कारण पगारी, गणवेशातलं, कवायत करणारं अग्निशमन दल ही पद्धत आपल्याकडे ब्रिटिशांकडून आली. १८२४ साली एडिनबरा शहराने आपलं दल उभारलं आणि त्याच्या प्रमुखपदी जेम्स ब्रेडवुड नावाचा अवघ्या चोवीस वर्षांचा तरुण नेमला. महिनाभरात, नोव्हेंबरमध्ये, त्या शहराच्या इतिहासातली सगळ्यात मोठी आग लागली. त्यातून ब्रेडवुड शिकला की नुसती यंत्रं कामाची नाहीत, माणसं तयार करावी लागतात.

त्याने माणसं निवडली ती गवंडी, सुतार, छपरं शाकारणारे, नळकाम करणारे अशी. इमारतीचं अंग ज्यांना माहीत आहे, उंचीची भीती नाही, अशी तरुण पोरं. ही माणसं दिवसभर आपापला धंदा करायची आणि घंटा झाली की आगीवर धावायची. मग कवायत कधी घ्यायची? ब्रेडवुडने वेळ काढली पहाटे चारची, आठवड्यातून एकदा. रस्त्यावर बघ्यांची गर्दी नसते, अंधारात काम करायची सवय होते आणि सकाळी माणूस आपल्या कामावर वेळेत जातो. शिवाय केंद्रात व्यायामाची सोय केली. एडिनबऱ्यात डिसेंबरात सूर्य उगवतो साडेआठनंतर. त्या काळोखात आणि थंडीत ही माणसं शिड्या चढायची.

यात मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. ब्रेडवुडने सराव ‘जमला तर करा’ असा सोडून दिला नाही. तो वेळापत्रकात बसवला, माणसाचं पोटापाण्याचं काम लक्षात घेऊन बसवला. नोकरी आणि सराव यांचा मेळ घालणं ही त्याने जवानाची खासगी अडचण मानली नाही, ती दलाची जबाबदारी मानली.

१८३३ साली लंडनच्या विमा कंपन्यांनी आपापली पथकं एकत्र करून एक दल केलं आणि ब्रेडवुडला तिथे बोलावलं. १८६१ च्या जूनमध्ये टूली स्ट्रीटवरच्या गोदामांना आग लागली. आपल्या माणसांची विचारपूस करत फिरत असताना ब्रेडवुडच्या अंगावर भिंत कोसळली आणि तो जागीच गेला. त्यानंतर विमा कंपन्यांनी हात झटकले, आणि १८६६ पासून लंडनचं दल सरकारी झालं.

इथे गोष्ट वळण घेते. नवा प्रमुख आयर मॅसी शॉ याला भरतीसाठी खलाशी आवडायचे. कारण सरळ होतं. खलाशाला रात्रंदिवस कामावर असण्याची सवय असते, हुकूम पाळण्याची सवय असते. म्हणजे दल सरकारी झालं, शिस्तबद्ध झालं, पण जवान चोवीस तासांचा झाला. राहायचं केंद्रातच, बायकापोरांसकट. बाहेर पडायचं तर परवानगी घेऊन. घर, नोकरी, झोप सगळं एकाच घंटेखाली.

आता त्याच काळात आपल्याकडे काय चाललं होतं बघा. नारायण मेघाजी लोखंड्यांनी १८८४ साली मुंबईच्या गिरणी कामगारांना एकत्र केलं आणि १८९० च्या १० जूनला रविवारची सुट्टी पदरात पाडून घेतली. आज आपण सगळे जो रविवार उपभोगतो त्यात त्या माणसाचा मोठा वाटा आहे. आणि आग विझवणं ही महापालिकेची जबाबदारी १८८८ च्या मुंबई महापालिका कायद्याने लिहून ठेवली. म्हणजे दोनच वर्षांच्या अंतराने एका बाजूला गिरणीचा भोंगा आठवड्यातून एक दिवस थांबला आणि दुसऱ्या बाजूला शहराने आगीच्या घंटेची हमी घेतली. ती घंटा रविवारी थांबणार नव्हती, हे उघडच आहे. मग प्रश्न उरतो की तिच्याखालच्या माणसाला सुट्टी कुणी द्यायची आणि कशी?

उत्तर सोपं आहे. माणसं वाढवून. पण हे उत्तर लंडनला मिळायला १९२० साल उजाडावं लागलं. तेव्हा तिथे जवानांच्या दोन पाळ्या झाल्या आणि आठवड्याचे तास ७२ वर आले. पुढे ते टप्प्याटप्प्याने उतरले. १९७० च्या दशकात ४८ झाले होते. मग १९७७ च्या नोव्हेंबरमध्ये ब्रिटनभरचे जवान इतिहासात पहिल्यांदाच देशव्यापी संपावर गेले. ऐन थंडीत नऊ आठवडे केंद्रांबाहेर शेकोट्या पेटवून उभे राहिले आणि सैन्याला जुनेपुराणे हिरवे बंब काढून आगीवर जावं लागलं. मागणी मुख्यतः पगाराची होती. पण तडजोडीतून ४२ तासांचा आठवडाही पदरात पडला. त्यातून दोन दिवसपाळ्या, दोन रात्रपाळ्या आणि मग चार दिवस मोकळे, असं चक्र रूढ झालं. आज तिथला जवान हिवाळ्यात पळण्याचं वेळापत्रक आखतो ते या चक्रावर. रात्रपाळी संपली की झोप, मग मोकळ्या दिवसांत एक लांब धाव, एक वेगाची धाव, आणि पुढच्या दिवसपाळीआधी विश्रांती. ते चार मोकळे दिवस नुसते छंदातून आलेले नाहीत, त्यासाठी शेकोटीपाशी नऊ आठवडे काढावे लागले.

अमेरिकेत वेगळा रस्ता. तिथे चोवीस तासांची पाळी टिकली, पण तासांवर कायद्याने रेघ मारली. अग्निशमन जवानासाठी २८ दिवसांत २१२ तास, म्हणजे आठवड्याला सरासरी ५३. त्यापुढे जादा दराने पैसे मोजायचे. शिकागोचे महापौर एडवर्ड केली यांनी १९३० च्या दशकात जवानांना एक जादा सुट्टी दिली, तिला आजही तिथे ‘केली डे’ म्हणतात. एका महापौराचं नाव सुट्टीला लागून नव्वद वर्षं टिकलं. आपल्याकडे नावं चौकांना लागतात.

अमेरिकेचा विषय निघालाच आहे तर एक धाव सांगितलीच पाहिजे. ११ सप्टेंबर २००१. न्यूयॉर्क दलाचा स्टीफन सिलर हा ब्रुकलिनचा जवान रात्रपाळी संपवून भावांसोबत गोल्फ खेळायला निघाला होता. वाटेत बातमी कळली. तो मागे फिरला, केंद्रातून आपला सरंजाम उचलला आणि ब्रुकलिन-बॅटरी बोगद्याशी आला. बोगदा वाहनांना बंद केलेला होता. पावणेतीन किलोमीटरच्या आसपासचा तो बोगदा त्याने अंगावर पंचवीसेक किलो वजन घेऊन पायी पार केला आणि टॉवरपर्यंत पोचला. परत आला नाही. त्या दिवशी न्यूयॉर्क दलाचे ३४३ लोक गेले. दर सप्टेंबरला त्याच वाटेवरून हजारो लोक पळतात.

त्याच्या धैर्याबद्दल मी काय लिहिणार! फक्त एवढंच नोंदवतो की रात्रपाळी करून सुटलेला माणूस तेवढं ओझं घेऊन तेवढं अंतर जाऊ शकला, कारण शरीर तयार होतं. ती ताकद त्या सकाळी आलेली नव्हती.

आणि शरीर तयार नसेल तर काय होतं, त्याचाही हिशेब लागलेला आहे. हार्वर्डच्या संशोधकांनी २००७ साली अमेरिकेतल्या जवानांच्या मृत्यूंचा अभ्यास छापला. १९९४ ते २००४ या काळात ड्युटीवर गेलेल्यांपैकी (११ सप्टेंबरचे मृत्यू सोडून) साधारण चाळीस टक्के हृदयविकाराने गेले होते. भाजून नाही, भिंत पडून नाही, हृदयविकाराने. त्यातले ३२ टक्के प्रत्यक्ष आग विझवताना गेले, आणि आग विझवण्यात जवानाच्या कामाच्या वेळेपैकी जातात फक्त एक ते पाच टक्के. झोपेतून दचकून उठायचं, दोन मिनिटांत गाडीवर, अंगावर ओझं, समोर उष्णता, छातीत धूर. तिथे मान्य केलेली किमान क्षमता आहे बारा मेट, म्हणजे स्वस्थ बसलेला माणूस जेवढा प्राणवायू वापरतो त्याच्या बारापट वापरता आला पाहिजे. ही ताकद भाषणाने येत नाही, आठवड्यातून तीन-चार वेळा घाम काढून येते. आणि थंडीचे चार महिने हा आपल्याकडे घाम काढायला एकमेव बरा काळ. एप्रिलमध्ये आमच्या मराठवाड्यात पळणं म्हणजे वेगळी शिक्षा.

आता घरी येऊ.

१४ एप्रिल १९४४. मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत ‘फोर्ट स्टिकिन’ हे जहाज उभं होतं. पोटात सुमारे चौदाशे टन स्फोटकं आणि त्यांच्यासोबत कराचीला चढवलेल्या हजारो कापसाच्या गाठी. दुपारी धूर दिसला. जवान जहाजावर चढले, पाइप सोडले, पाणी मारत राहिले. चार वाजून सहा मिनिटांनी पहिला स्फोट झाला. गोदीतल्या टॉवरचं घड्याळ त्याच मिनिटाला बंद पडलं. अर्ध्या तासाने दुसरा स्फोट. शेकडो माणसं गेली, त्यात अग्निशमन दलाचे ६६ जण होते. त्यांच्या स्मृतीसाठीच १४ एप्रिल हा राष्ट्रीय अग्निशमन सेवा दिन आहे आणि तिथून आठवडाभर अग्निशमन सप्ताह असतो.

९ मे २०१५, काळबादेवीतलं गोकुळ निवास. जुनी इमारत आगीत कोसळली आणि मुंबई दलाचे सुनील नेसरीकर, सुधीर अमीन, संजय राणे आणि महेंद्र देसाई हे चार वरिष्ठ अधिकारी आपण गमावले. दलाचा प्रमुख स्वतः पुढे होता. ब्रेडवुडपासूनची ती रीत आहे.

या मृत्यूंची आपण आठवण ठेवतो. ठेवलीच पाहिजे. दर वर्षी सप्ताहात हार घालतो, प्रात्यक्षिकं होतात, आमच्यासारखे पत्रकार फोटो छापतात. पण जिवंत जवानाचे तास कुणी मोजत नाही. मीसुद्धा वीस वर्षांत किती बंब आले, किती वाजता आले, उशीर का झाला हे छापलं. बंबावरच्या माणसाची ड्युटी किती तासांची चालू होती, हे कोष्टक आमच्या बातमीत नसतंच.

तर हे कोष्टक मांडू. लहान शहरांत बऱ्याच ठिकाणी चोवीस तास ड्युटी, चोवीस तास सुट्टी असं चालतं. आठवड्याचे तास १६८. निम्मे म्हणजे ८४. लंडनमध्ये १९२० साली ७२ होते. आपण शंभर वर्षांपूर्वीच्या लंडनच्याही मागे आहोत, आणि हे सगळं सुरळीत चाललं तर. एक जण आजारी पडला, एकाच्या घरी लग्न निघालं, की चोवीसचे छत्तीस होतात. कारखान्यातल्या कामगाराला १९४८ च्या कायद्याने आठवड्याला ४८ तासांची मर्यादा घालून दिली. त्याच कारखान्याला आग लागली तर विझवायला येणारा माणूस ८४ वाला असतो.

माझ्या ओळखीचा एक जवान आहे. नाव सांगत नाही, गावही नाही. कंत्राटी आहे, तिशीतला, आणि पळतो. त्याचं गणित ऐका. सकाळी आठला ड्युटी सुटते. रात्री वर्दी आली नसेल तर घरी जाऊन दोन-तीन तास झोप आणि संध्याकाळी सात-आठ किलोमीटर. वर्दी आली असेल तर त्या दिवशी पळणं नाही, नुसती झोप. ड्युटीच्या दिवशी केंद्राच्या आवारातच वीस मिनिटं व्यायाम, दम लागेल एवढा नाही, कारण घंटा कधी होईल याचा नेम नाही. लांब धाव रविवारी. पण चोवीस-चोवीसच्या चक्रात आठवडा सात दिवसांचा, त्यामुळे मोकळा रविवार एक आड एक येतो. मॅरेथॉन नेमकी ड्युटीच्या रविवारी आली की सोबत्याची मनधरणी करून अदलाबदल.

“दादा, पायांचं काही नाही,” तो मला म्हणाला, “झोपेचं जमत नाही.”

त्यात आमच्याकडे थंडी म्हणजे निवांत काळ नाहीच. जिनिंग चालू असते. कापसाला आग लागली की वरून विझलेली दिसते आणि गाठीच्या पोटात धुमसत राहते. फोर्ट स्टिकिनवर तेच झालं होतं. एकेक गाठ फोडून, ओढून, भिजवून बाहेर काढेपर्यंत अख्खी रात्र जाते. पलीकडच्या ऊसपट्ट्यात तारा घासून ठिणगी पडते आणि उभा फड पेटतो. गावागावांत कडब्याच्या गंज्या असतात. म्हणजे पळायचा मोसम आणि वर्दीचा मोसम एकच.

दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर पोस्ट एकतर्फी होईल. ड्युटीवर जवान झोपतात, मग ८४ तास कसले, असं म्हणणारे भेटतात. झोपतात, खरंय. पण बूट पायाशी ठेवून, कान उघडे ठेवून झोपणं आणि घरी झोपणं यात फरक आहे. शिवाय कित्येक जवानांनाच चोवीस-चोवीस हवं असतं. कुणाचं गाव वीस-तीस किलोमीटरवर आहे, कुणाची शेती आहे, कुणी सुट्टीच्या दिवशी रिक्षा चालवतो, कारण कंत्राटी पगारात भागत नाही. रोज आठ तास येणं-जाणं त्यांना परवडत नाही. तेव्हा मुंबईत बसून ‘तीन पाळ्या करा’ असा आदेश काढून भागणार नाही. अमेरिकेसारखी चोवीस तासांची पाळी ठेवूनही मधली सुट्टी वाढवता येते. चोवीस तास काम आणि अठ्ठेचाळीस तास सुट्टी केलं तर आठवड्याला सरासरी ५६ तास होतात.

अडतं ते माणसांच्या संख्येवर. एका गाडीवर कायम चार माणसं हवी असतील तर आठवड्याला ६७२ माणूस-तास लागतात. ८४ तासांच्या हिशेबाने आठ जणांत भागतं. ५६ च्या हिशेबाने बारा लागतात. ४८ च्या हिशेबाने चौदा. रजा, आजारपण, प्रशिक्षण धरलं तर आणखी दोन-तीन. म्हणजे सगळा प्रश्न एका गाडीमागे चार-सहा पदांचा आहे. नगरपरिषद म्हणते आकृतिबंधात पदं नाहीत, असलेली रिक्त आहेत, पगाराला पैसे नाहीत. पैशांची अडचण खरी आहे. पण १९६५ च्या नगरपरिषद कायद्यात आग विझवणं हे आवश्यक कर्तव्यांत आहे, ऐच्छिक नाही. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत अग्निशमन सेवा घातली. २००६ सालचा राज्याचा आग प्रतिबंधक कायदा इमारतवाल्यांकडून बरंच काही मागतो, ते योग्यच आहे. पण आग लागल्यावर धावून येणाऱ्याला पुरेशी झोप मिळाली का, हे विचारणंही तितकंच योग्य आहे. देशातलं अग्निशमन महाविद्यालय १९५७ पासून आपल्याच नागपुरात आहे. ज्ञान आपल्या दारात आहे, कमी आहेत ती गावोगावची माणसं.

तोपर्यंत बिनपैशाच्या दोन गोष्टी करता येतील. एक, ब्रेडवुडसारखा सराव वेळापत्रकात लिहा. ड्युटीच्या तासांतली ठरलेली वेळ व्यायामाची, आणि रात्री मोठी वर्दी झाली असेल तर त्या दिवशी माफी. दोन, वर्षातून एकदा हृदयाची तपासणी. उपजिल्हा रुग्णालयात ईसीजी निघतो, फक्त कुणीतरी पत्र द्यायला हवं.

आणि आपल्यासाठी एक काम. पुढच्या वेळी नगरसेवक दारात आला, की रस्ते आणि नळाबरोबर तीन प्रश्न विचारा. आपल्या बंबावर एका वेळी किती माणसं असतात? त्यांची ड्युटी किती तासांची असते? मंजूर पदांपैकी भरलेली किती? उत्तर आलं नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, दहा रुपये लागतात. आलेली उत्तरं खाली कॉमेंटमध्ये टाका, गावाचं नाव घालून. मी तालुकावार यादी करतोय. यादी झाली की जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू.

आमच्या गावातली हाफ मॅरेथॉन जानेवारीत आहे. त्या रविवारी त्या जवानाची ड्युटी येते. सोबती अदलाबदलीला तयार झालाय, पण जिनिंग पेटलं नाही तर.